चित्रात आवाज आढळला

प्रिय साडूभाऊ,

नमस्कार, आणि तोही पूर्णपणे मुका. तुमची पाठ कशी आहे? स्टुडिओतल्या त्या उंच स्टुलावर चढून स्वतः दिवे फिरवणं बंद केलंत की नाही? धाकटीच्या (म्हणजे तुमच्या सौभाग्यवतींच्या, केस पांढरे झाले तरी आमच्या घरात ती अजून धाकटीच आहे) गुडघ्यांना आता आराम असेल अशी आशा करतो. इकडे सर्व क्षेम. हे वाक्य लिहून मी थोडा वेळ थांबलो, कारण या घरात सध्या इतकी शांतता आहे की पेनाचं टोक कागदावर टेकलेलं ऐकू येतं. ज्या घरात मी राहतो त्या घरात असलं काही ऐकू येणं हे लक्षण बरं नाही, हे तुम्हीही मान्य कराल.

माझ्या घशाचं अर्धं तुमच्या कानावर आलंच असेल. आयुष्यभर सभा गाजवल्या, माईक बंद पडला तर तो बाजूला सारून बोललो, मोर्चाच्या शेवटच्या ओळीतल्या माणसाला माझं पहिलं वाक्य ऐकू गेलं नाही असं कधी झालं नाही. त्याचं फळ म्हणून घशाच्या डॉक्टरांना माझ्या स्वरतंतूंवर एक बारीक गाठ सापडली. त्यांनी फर्मान काढलं: बोलायचं नाही. फारच अडलं तर कुजबुजायचं, तेही मोजकं. ही खोलीत होती. ती म्हणाली, "डॉक्टर, हे तुम्ही यांना लेखी द्याल का?" आणि घरी आल्यावर सुनेला म्हणाली, "त्या डॉक्टरांचा एकदा सत्कार करायला हवा गं." असो. माझी खरी चिंता वेगळी होती. आमच्या वाचनालयाचं सभागृह बंद करून तिथे नगरपालिकेची मोडकी कपाटं रचून ठेवायचा घाट घातला गेलाय. त्यावर त्याच सभागृहात सुनावणी लागली आहे आणि लोकांच्या बाजूने बोलायला उभं राहायचं मी कबूल केलंय. दुसरा कोणी तयार नाही. (तयार आहेत ते कागद वाचतात, आणि कागद वाचणाऱ्या माणसाकडे अधिकारी घड्याळातून बघतात.) गप्प राहिलात तर तोवर आवाज येईल, असं डॉक्टर म्हणाले. म्हणून मी गप्प राहिलो. माझ्या आयुष्यातला हा सर्वांत मोठा लढा, आणि तो कुणालाही ऐकू आला नाही.

गप्प माणूस घरात फार जागा अडवतो असं सुनेच्या लक्षात आलं. तिने तिचा कॅमेरा माझ्या हातात दिला. तिच्या ऑफिसात जाहिराती बनतात आणि त्यासाठी लागणारी चित्रं एका संकेतस्थळावरून विकत आणतात. तिथे जगभरातले लोक आपले फोटो पाठवतात: हात मिळवणारे हात, टेबलावरची रोपटी, रिकामे जिने. कुणी तपासनीस ते तपासतो, पास झाले तर दुकानात मांडतो. कुणी काढला, का काढला, कोणी विचारत नाही. मी पाटीवर लिहिलं, "म्हणजे ज्यांना काहीच म्हणायचं नाही अशा माणसांचा बाजार." ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला सध्या तसंही काही म्हणायची परवानगी नाही. पाठवून तर बघा." वादात हरवणारी सून मिळायला नशीब लागतं; आमच्या घरात ते हिच्या वाट्याला आलंय.

आता तुम्हाला तो फोन आठवत असेल, कारण सगळ्या प्रकरणाचं मूळ त्यात आहे. मी अंधाऱ्या खोलीत फोटो काढले ते काळे आले, म्हणून सुनेने तुम्हाला फोन लावला. साडूभाऊ, तुम्ही उत्तम छायाचित्रकार आहात, पण तुमचा आवाज असा की शेजारी बसलेल्या माणसाला तो टपालाने पाठवावा. सून फोन कानात खुपसून "काय? काय म्हणालात काका?" करत होती. शेवटी जे हाती लागलं ते असं: कॅमेऱ्यातला आयएसओचा आकडा म्हणजे माईकचं बटण. उजेड हा बोलणारा. तो हळू बोलत असेल तर बटण वाढवायचं, मग बोलणं मोठं येतं. मात्र त्याच्याबरोबर खरखरही मोठी येते आणि चित्रभर दाणे दाणे दिसतात. तेव्हा विकायचे फोटो असतील तर आकडा शंभर-दोनशेवर ठेवा, कॅमेरा स्टँडवर लावा, कमी पडलं तर दिवा आणा.

सल्ला योग्य होता. मी तो तत्त्वासाठी नाकारला. दिवा आणायचा म्हणजे अंधाराच्या तोंडावर बॅटरी मारून त्याच्याकडून कबुलीजबाब घ्यायचा. आणि स्टँड? जन्मभर ज्याने कुणाच्या टेकूवर उभं राहणं पत्करलं नाही, त्याने आता तीन लोखंडी काड्यांवर उभं राहावं? नाही. उलट आयएसओ मला मनापासून पटला. खोलीच्या कोपऱ्यात पडलेला, कुणी न विचारलेला, मरतुकडा उजेडाचा कण. त्याचंही म्हणणं ऐकून घ्यायचं! सबळ किरणाला एक मत, दुबळ्या किरणालाही एक मत! हे यंत्रातलं बटण नाही, ही न्यायाची कल्पना आहे. (हे सर्व मी पाटीवर लिहिलं. पाटी पुरली नाही. हिने फडकं आणून दिलं आणि म्हणाली, "पुढचं पुसून लिहा, मी मागचं वाचलं नाहीये.") मी आकडा बारा हजार आठशेवर नेऊन ठेवला आणि वाचनालयाच्या त्याच सभागृहात गेलो.

भर दुपारची वेळ. तिथला चाव्या सांभाळणारा माणूस, ज्याला सगळे किल्लीवालाच म्हणतात, त्याने दार उघडलं. "दिवे लावू का साहेब?" म्हणाला. मी मानेनेच नको म्हटलं. तो बाहेर व्हरांड्यात जाऊन बसला. आत वरच्या झरोक्यांतून राखाडी उजेड येत होता आणि रांगाच्या रांगा खुर्च्या भिंतीपर्यंत गेल्या होत्या. त्या खुर्च्या तुम्ही पाहिल्या आहेत: बैठकीला स्प्रिंग आहे, माणूस उठला की बैठक आपोआप वर मिटते. सगळ्या मिटलेल्या होत्या. मी व्यासपीठावर, माझ्या नेहमीच्या जागी उभा राहिलो. समोर कोणी नाही, तोंडात शब्द नाही. छाती मात्र सवयीने भरून आली. तो श्वास भाषणाचा होता, साडूभाऊ. त्याचं काय करायचं ते न कळून मी बटण दाबत राहिलो.

बाहेर आलो तर किल्लीवाला उभाच होता. जरा बिचकून बघत होता. म्हणाला, "साहेब, तुम्हाला बोलायची बंदी आहे ना? मग आत मघापासून कोण बोलत होतं?" मी हसून खांदे उडवले. तो हसला नाही. "शब्द नाही कळले," म्हणाला, "पण चढउतार तुमचाच होता."

मी चित्रं पाठवली. दुसऱ्याच दिवशी सगळी नापास होऊन परत. ते संकेतस्थळ आता सर्व भाषांत बोलतं, म्हणजे यंत्राकडून बोलवून घेतं, आणि माझ्या मायबोलीत मला कळवलं गेलं: "चित्रात आवाज आढळला." खाली तपासनिसाची टीप: "आदरणीय योगदानकर्ते, आम्हाला तुमच्या आवाजाची कदर आहे, परंतु पूर्ण आकारात पाहता तो सहन होण्यापलीकडे आहे." माझ्या विरोधकांनी माझ्याबद्दल पुष्कळ लिहिलंय, पण इतक्या नेमक्या शब्दांत कुणालाच जमलं नव्हतं. सून पोट धरून हसली. म्हणाली, "बाबा, त्यांना दाणे म्हणायचंय, खरखर. इंग्रजीत त्याला 'नॉइज' म्हणतात, यंत्राने त्याचा 'आवाज' केलाय." मलाही तेव्हा तसंच वाटलं. मी तपासनिसाला सणसणीत अपील लिहिलं, तीच चित्रं पुन्हा पाठवली, आणि तुम्ही साक्षीला असावंत म्हणून मूळ फाईल्सची एक प्रत तुमच्याकडेही धाडली. "सवडीने मोठं करून बघतो," असं तुमचं उत्तर आलं. (तुमचं लिहिणंही हळू आवाजातलं असतं.)

अपिलाचं उत्तर आलं. आवाजाचं कारण कायम होतंच, वर एक नवं कारण: "चित्रात बसलेल्या व्यक्तींची संमतीपत्रं जोडावीत."

आम्ही तिघं सुनेच्या संगणकासमोर बसलो. सून चित्र मोठं करत गेली. तुम्हाला हे काही नवं नाही, पण मी पहिल्यांदाच पाहत होतो: भिंत जवळ आली की भिंत राहत नाही, नुसते दाणे, तांबडे, हिरवे, निळे, जागच्या जागी सळसळणारे, जणू गर्दीवरून हेलिकॉप्टर चाललंय. खुर्च्या आल्या. पहिली रांग मिटलेली. दुसरी मिटलेली. तिसऱ्या रांगेत सून थांबली. तिथल्या काही बैठका खाली होत्या. पूर्ण खाली, वजनाने दबल्यासारख्या. त्यांच्यावर कोणी नव्हतं. दाणे मात्र तिथे जरा दाट होते. मागच्या रांगांत तशाच आणखी बऱ्याच. सुनेचं हसू थांबलं. ही चष्मा लावून पुढे वाकली, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "बरी गर्दी आहे की. मी ऐकायला यायचे तेव्हा इतकी नसायची." मग उठून गॅस बंद करायला गेली. गॅस सुरू नव्हता.

सून व्यवहारी आहे. "सगळे दाण्यांचे खेळ आहेत," ती म्हणाली, "दाणे काढून टाकू, म्हणजे त्या तपासनिसाला माणसंही दिसणार नाहीत." तिच्या संगणकात त्यासाठी एक पट्टी आहे आणि त्या पट्टीवर मराठीत लिहिलंय: आवाज कमी करा. तिने पट्टी उजवीकडे सरकवायला सुरुवात केली. भिंती गुळगुळीत होऊ लागल्या. मी तिच्या मागे उभा राहून, डॉक्टरांनी मंजूर केलेल्या कुजबुजीत सांगत होतो, "सगळा नको काढूस, भिंती प्लास्टिकच्या दिसतील, थोडा राहू दे." त्यातलं "थोडा राहू" इथपर्यंत मला ऐकू आलं. "दे" हा शब्द मी म्हटला. ओठ हलले, जीभ दाताला लागली, हवा बाहेर आली. शब्द आला नाही. पट्टी शेवटाला पोहोचली होती.

सुनेला वाटलं मी नाटक करतोय. मलाही क्षणभर तसंच वाटावं अशी इच्छा होती. मी पुन्हा म्हटलं, मग ओरडलो. ओरडणं किती शांत असू शकतं हे मला माहीत नव्हतं. पडद्यावर सभागृह लख्ख स्वच्छ झालं होतं, आणि तिसऱ्या रांगेतल्या बैठका वर मिटलेल्या होत्या. सगळ्या. शेवटच्या रांगेपर्यंत. आवाज गेला आणि श्रोते उठून गेले. वक्त्याला याहून वाईट स्वप्न पडत नाही, आणि मी जागा होतो.

त्या चित्राची पुढची हकिगत ऐका. ते लगेच पास झालं. तपासनिसाने अभिनंदन केलं: "आता आवाजाचा मागमूस नाही." आणि ते विकलंही गेलं, आवाज शोषून घेणाऱ्या भिंती बनवणाऱ्या एका कंपनीला. आमच्या चौकात त्यांचा भलामोठा फलक लागलाय. त्याखालून जाणारी माणसं बोलता बोलता हळू आवाजात बोलू लागतात, मी पाहिलंय. मूळ फाईल मागितली तर सून रडवेली झाली; तिने साफ केलेली चित्रं मूळच्याच जागी जतन केली होती आणि कॅमेऱ्यातलं कार्ड पुसून ऑफिसच्या कामाला नेलं होतं. तिचा यात दोष नाही. फडकं मारणाऱ्याला आपण काय पुसतोय हे कुणी सांगायला हवं, आणि सांगणारा मी मध्येच बंद पडलो.

डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नळी घालून पाहिलं, पुन्हा पाहिलं, मग मदतनिसालाही बोलावून दाखवलं. गाठ नाही. सूज नाही. "इतका स्वच्छ घसा मी या वयात पाहिलेला नाही," म्हणाले, "अगदी गुळगुळीत." हिने विचारलं, "मग आवाज?" ते म्हणाले, "तो यायला हवा." आणि हात धुवायला गेले. बराच वेळ धूत होते.

मग मी पुन्हा सभागृहात गेलो. तीच दुपार, तोच राखाडी उजेड. या वेळी आकडा पंचवीस हजार सहाशे. व्यासपीठावर उभं राहून छाती भरून घेतली आणि बटण दाबलं. घरी येऊन चित्र मोठं केलं, जाईल तितकं मोठं. एकही दाणा नाही, साडूभाऊ. पंचवीस हजारांवर, दिव्याशिवाय, स्टँडशिवाय, आणि चित्र लोण्यासारखं. तुम्ही या धंद्यात आयुष्य काढलंय. असं होत नाही हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. किल्लीवाल्याला पाटीवर लिहून विचारलं, काही ऐकू आलं का? तो म्हणाला, "नाही साहेब. उलट मी मध्ये खोकलो, तो मलाच ऐकू आला नाही."

तर असं सगळं आहे. सुनावणी तोंडावर आली आहे. अधिकाऱ्यांना बातमी लागलेली दिसते, कारण काल त्यातले एक रस्त्यात भेटले आणि अत्यंत मायेने माझ्या प्रकृतीची चौकशी करून गेले. कपाटं म्हणे टेम्पोत चढवून तयार आहेत. मी मात्र धीर सोडलेला नाही. हे पत्र केवळ खुशाली कळवावी म्हणून, दुसरं काही नाही. धाकटीला आमचे आशीर्वाद, तुमच्या पाठीला माझी सक्त ताकीद.

तुमचा, गुळगुळीत घशाचा,
साडू

ता. क. मी पाठवलेल्या मूळ फाईल्स तुमच्याकडे असतील. त्याच एकमेव उरल्या आहेत. तुमचा हात स्वच्छतेला सोकावलेला आहे हे मी जाणतो. दुसऱ्याच्या भिंतीवरचा फोटो तिरका दिसला तरी तुम्ही उठून सरळ करता. म्हणून हात जोडून सांगतो: त्या उजळू नका, घासू नका, त्या पट्टीला शिवू नका. आहेत तशा डिस्कवर घालून माणसाबरोबर पाठवा. फोनवरून मुळीच नको. फोन फाईल दाबून लहान करतो, त्यात दाणे मरतात. माझा अर्धाच आवाज परत आला, तर कुठला अर्धा येईल कोण जाणे. हे पत्र लिहिण्याचं खरं कारण हेच. वरचं सगळं प्रस्तावना समजा. (माझ्या प्रस्तावना लांबतात हे तुम्हाला माहीत आहे.)

ता. क. दोन. पाकीट बंद करत होतो तेवढ्यात तुमचा फोन आला. हिने तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला आणि फोनमधून माझा आवाज आला.

हिने माझ्याकडे पाहिलं. माझं तोंड मिटलेलं होतं. सून आतून ओल्या हातांनी धावत आली, "बाबा! आला आवाज?" मी फोनकडे बोट दाखवलं. फोन गरजत होता: "ताई, सकाळपासून घसा जरा जड वाटतोय. मोठ्या साडूंनी पाठवलेले फोटो आज उघडून बसलोय, दाणे फार सुंदर आहेत हो, पूर्ण भिंतीएवढा प्रिंट काढतोय!" मागून धाकटी ओरडत होती, "अहो, हळू बोला, काचा थरथरतायत!" आणि तुम्ही तिला म्हणालात, "मी हळूच बोलतोय!" मग तुम्हीच सांगितलंत की सकाळी फोटो काढायला आलेल्या एका कुटुंबाला तुम्ही नेहमीसारखं "हसा" म्हणालात आणि ते सगळे उभे राहून टाळ्या वाजवू लागले.

साडूभाऊ, मी अर्धा तास खुर्चीत बसून होतो. पहिल्यांदा राग आला. मग भीती वाटली. आपला आवाज बाहेरून ऐकणं ही भयंकर गोष्ट आहे. मी इतका पटवून बोलतो हे मला ठाऊक नव्हतं, फोनवर तुम्ही नुसत्या प्रिंटच्या मापाबद्दल बोलत होतात आणि माझी तुम्हाला मत द्यायची तयारी झाली. मग मला जे आयुष्यभर व्यासपीठावरून सांगत आलो ते आठवलं: आवाज कुणाच्या गळ्यातून निघतो याला किंमत नाही, तो कुणाच्या बाजूने उभा राहतो याला आहे. बोललो खूपदा. करून दाखवायची वेळ आज आली.

तेव्हा वरचा ताजा कलम रद्द समजा. डिस्क पाठवू नका, वाटेत आवाज सांडला तर दोघांचंही नुकसान. तुम्हीच या. सुनावणीला लोकांच्या बाजूने तुम्ही उभे राहा. भाषण मी लिहून ठेवतो, तुम्ही फक्त तोंड उघडा. तो भिंतीएवढा प्रिंट गुंडाळून सोबत आणा, आपण तो व्यासपीठामागे लावू. खुर्च्या भरतील याची मला खात्री आहे, कोण बसेल ते विचारू नका. अधिकारी संमतीपत्रं मागतील तर मी बघून घेईन. दोन वाक्यांमध्ये श्वास घ्या. मघाशी फोनवर तुम्ही घेत नव्हतात. तो आवाज श्वासाशिवायही चालतो असं दिसतंय, पण ऐकणाऱ्यांना ते बरं वाटत नाही.

ता. क. तीन (यांनी पाकीट माझ्याकडे चिकटवायला दिलं, म्हणून मी लिहिते आहे). भाऊजी, सुनावणीला नक्की या, धाकटीलाही आणा. यांचा आवाज परत द्यायची घाई मुळीच करू नका. घर इतक्या वर्षांनी पहिल्यांदा घरासारखं वाटतंय, मला माझे विचार शेवटपर्यंत करता येतात. फक्त दारातून आत आलात की एकदाच, कुणाला काही कळू न देता, "अगं, माझा चष्मा कुठे टाकलास?" असं जोरात ओरडा. मी उत्तर देणार नाही, कधीच देत नसे. मग खुशाल घेऊन जा.